नागीण झाली तर पहिल्या ७२ तासांत काय करायचं, आणि मागे राहणारी आग कशी हाताळायची

२०२१ च्या पावसाळ्यात आईला नागीण झाली, आणि घरात कुणालाच ती ओळखता आली नाही. आई तेव्हा ६८ वर्षांची, शुगरची गोळी चालू, वाईजवळ गावी राहते. एक दिवस फोनवर म्हणाली, डाव्या बाजूला छातीखाली आग होतेय गं, पदर लागला तरी नको वाटतंय. आम्ही घाबरलो, हार्टचं असेल म्हणून दादानं लगेच नेऊन ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, मग गॅसची गोळी झाली, मग बरगडी लचकली असेल म्हणून मलम चोळून झालं. चौथ्या दिवशी पुळ्या आल्या. त्या बघून शेजारच्या काकूंनी लगेच ओळखलं की ही नागीण, पण त्यांनी सांगितला तो गेरूचा लेप, त्यात अजून तीन दिवस गेले. व्हायरसवरची खरी गोळी पोटात गेली तेव्हा पुळ्या येऊन चौथा दिवस उजाडला होता. पुळ्या महिन्याभरात गेल्या, आग अकरा महिने राहिली.

दोन वर्षांनी दिवाळीत नवऱ्याला झाली, वय ५२. या वेळी मला माहीत होतं. सकाळी पाठीवर लाल चट्टा आणि त्यावर चार-पाच बारीक पाण्याच्या पुळ्या दिसल्या, दुपारी आम्ही स्किनच्या डॉक्टरांकडे होतो, संध्याकाळी पहिली गोळी. तीन आठवड्यांत माणूस बरा. आता दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, वयाचा फरक होता, शुगरचा फरक होता, पण गोळी लवकर सुरू झाली की पुळ्या लवकर सुकतात आणि सुरुवातीचं दुखणं कमी होतं हे डॉक्टर सांगतातच. मी डॉक्टर नाही. डोस लिहिलेत ते चिठ्ठी हातात आल्यावर तुम्हाला कळावं म्हणून, स्वतःच्या मनानं केमिस्टकडून आणून घ्यायला नाही.

आधी नागीण म्हणजे काय ते नीट समजून घ्या

नागीण हा नुसता कातडीचा रोग नाही, तो नसेचा दाह आहे. कातडीवर दिसतं ते नंतरचं. लहानपणी कांजिण्या होतात ना, त्याच व्हायरसचं हे काम. कांजिण्या बऱ्या होतात पण व्हायरस शरीराबाहेर जात नाही, मणक्याच्या बाजूला नसांच्या मुळाशी बारीक गाठी असतात (गाठी म्हणजे रोगाच्या नव्हेत, नसेच्या पेशींचा पुंजका) तिथे तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. वय वाढलं, शुगर आहे, कॅन्सरचं औषध चालू आहे, स्टिरॉइड चालू आहेत, एचआयव्ही आहे, अशा वेळी त्याच्यावरचा पहारा ढिला पडतो आणि तो जागा होतो. नस सुजवत सुजवत तो कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी दुखणं आणि मग पुळ्या, हा क्रम.

ही गोष्ट शोधायला फार वर्षं गेली. एडगर होप-सिम्पसन नावाचे इंग्लंडमधले एक साधे फॅमिली डॉक्टर होते, त्यांनी स्वतःच्या पेशंटची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, शेटलंडमधल्या येल नावाच्या छोट्या बेटावर जाऊनही अभ्यास केला, आणि १९६५ साली मांडलं की नागीण बाहेरून येत नाही, ती आपल्याच आत झोपलेल्या कांजिण्यांच्या व्हायरसची जाग आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण आई सारखी विचारायची, मला कुणाची लागली?

आता वेटोळ्याचं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं, वेटोळं पूर्ण झालं, की माणूस दगावतो. आई रात्री उठून आरशात बघायची कुठवर आली म्हणून. ती भीती मी बघितलीये म्हणून स्पष्ट लिहिते, असं होत नाही. प्रत्येक नसेला स्वतःचा एक पट्टा असतो, पाठीच्या मध्यापासून निघून छातीच्या किंवा पोटाच्या मध्यापर्यंत, आणि डाव्या बाजूची नस डावीकडचाच भाग सांभाळते. म्हणून नागीण मधली रेष सहसा ओलांडत नाही, तिथेच थांबते. दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पुळ्या आल्या तर ते प्रतिकारशक्ती फार कमी झाल्याचं लक्षण असू शकतं आणि तेव्हा हॉस्पिटल गाठायचं, पण तेही वेटोळं जुळलं म्हणून नाही.

गंमत म्हणजे हे नाव फक्त आपल्याकडेच सापासारखं नाही. डॉक्टर हर्पिस झोस्टर म्हणतात त्यातला हर्पिस हा शब्द ग्रीक भाषेत सरपटण्यावरून आलाय आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा. जगभर लोकांनी तीच सरपटणारी, कंबरेला विळखा घालणारी आग बघितली आणि तसंच नाव दिलं.

पायरी १: पुळी यायच्या आधीची आग ओळखा

पुळ्या यायच्या साधारण एक ते पाच दिवस आधी दुखायला लागतं. हे दुखणं वेगळं असतं, आणि तोच तुमचा पहिला पुरावा. पेशंटला विचारा, पण "दुखतंय का" एवढंच विचारून थांबू नका, कसं दुखतंय ते विचारा. आग होते का, सुया टोचल्यासारखं होतं का, करंट लागल्यासारखी चमक येते का, मुंग्या येतात का, आणि मुख्य म्हणजे कपड्याचा हलका स्पर्श सहन होत नाही पण हात दाबून धरला तर बरं वाटतं, असं आहे का? हे शेवटचं असेल तर नसेचं दुखणं असण्याची शक्यता खूप. आई पहिल्याच दिवशी "पदर नको वाटतोय" म्हणाली होती, सगळं त्या एका वाक्यात होतं.

दुसरं, जागा. एकाच बाजूला, पट्ट्यासारखं. छाती-पाठीवर सगळ्यात जास्त वेळा होते, त्याखालोखाल कपाळ आणि डोळ्याभोवती, मग मान, कंबर, पाय.

फसगत इथेच होते. छातीत डावीकडे असेल तर हार्ट वाटतं, कंबरेत असेल तर मुतखडा, पोटात उजवीकडे खाली असेल तर अपेंडिक्स, पायात असेल तर सायटिका, जबड्यात असेल तर दाढ. आणि हे लक्षात घ्या की छातीत दुखत असेल तर ईसीजी काढायलाच हवा, ते आम्ही केलं त्यात काही चुकलं नाही. चूक पुढे झाली. ईसीजी नॉर्मल आल्यावर कातडी कुणी बघितलीच नाही, ना आम्ही ना तिथल्या डॉक्टरांनी. त्यामुळे एकाच बाजूला कारण न सापडणारी आग असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात कपडा बाजूला करून ती जागा बघायची, पाठीमागून सुद्धा, आणि केसांत असेल तर केस बाजूला करून. म्हातारी माणसं लाजतात, दाखवत नाहीत, तेव्हा लेक किंवा सून यांनीच पुढाकार घ्यायचा. क्वचित कुणाला पुळ्या न येताच फक्त दुखणं राहतं, ते ओळखणं अवघड, ते डॉक्टरांवर सोडा.

पायरी २: पहिली पुळी दिसली की वेळ लिहून ठेवा

आधी लाल चट्टा येतो, मग त्यावर पाण्याच्या बारीक पुळ्यांचे घोस. घोस हा शब्द मुद्दाम वापरतेय, एकेकटी पुळी नसते, चार-सहा एकत्र, मध्ये थोडी चांगली कातडी, मग पुन्हा घोस. तीन ते पाच दिवस नव्या पुळ्या येत राहतात, मग पाणी गढूळ होतं, सात ते दहा दिवसांत खपल्या धरतात, आणि खपल्या पडून कातडी साफ व्हायला दोन ते चार आठवडे.

व्हायरसची गोळी शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, आणि ते ७२ तास मोजायचे ते या पहिल्या चट्ट्यापासून किंवा पुळीपासून, दुखणं सुरू झाल्यापासून नाही. कॅलेंडरवर लिहा, मोबाईलवर फोटो काढा. फोटोचा दुहेरी उपयोग, वेळ कळते आणि गावाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांना दाखवताही येतो. रविवार आहे, सण आहे, सोमवारी बघू, असं करू नका. स्किनचे डॉक्टर मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर फॅमिली डॉक्टर किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा हे ओळखतात आणि गोळी लिहून देऊ शकतात.

७२ तास उलटून गेले असतील तरी जा. नव्या पुळ्या अजून येत असतील, माणूस वयस्कर असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा डोळ्याजवळ असेल तर डॉक्टर नंतरही गोळी सुरू करतात.

टेस्टचं म्हणाल तर बहुतेक वेळा लागत नाही, बघूनच निदान होतं. शंका असेल तर पुळीतल्या पाण्याचा स्वॅब घेऊन पीसीआर करतात. शुगर मात्र तपासून घ्या. आणि तरुण माणसाला झाली असेल किंवा खूप पसरलेली असेल तर डॉक्टर एचआयव्हीची टेस्ट सांगतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका, ती योग्य टेस्ट आहे.

एक घोळ आपल्याकडे पावसाळ्यात हमखास होतो. लाल-काळा, मुंगीएवढा लांबुळका किडा दिव्याभोवती येतो, अंगावर चिरडला गेला की त्यातल्या रसानं कातडी भाजते, सकाळी उठून बघितलं तर लाल रेघ आणि त्यावर फोड. लोक त्यालाच नागीण म्हणतात. फरक असा की त्याच्या आधी दोन-चार दिवस दुखत नाही, रेघ कशीही आडवी-तिरपी असते, नसेच्या पट्ट्यात बसत नाही, आणि कोपराच्या घडीत झालं तर घडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर छाप उमटतो. तिसरी गोष्ट म्हणजे ओठावर किंवा एकाच ठिकाणी दर काही महिन्यांनी पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुळ्या, त्याचा व्हायरस वेगळा.

पायरी ३: या जागा असतील तर त्याच दिवशी, रात्र असली तरी

कपाळ, पापणी, नाक. नाकाच्या शेंड्यावर किंवा नाकाच्या कडेला पुळी आली तर डोळा धोक्यात असण्याची शक्यता फार वाढते, कारण नाकाचा शेंडा आणि बुबुळ यांना एकाच नसेची फांदी जाते. डोळा लाल नसला, नीट दिसत असलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं, स्किनच्या डॉक्टरांनी बघितलंय म्हणून हे टाळायचं नाही. घरात पडलेले जुने ड्रॉप घालू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर नुकसान होऊ शकतं.

कान. कानात किंवा कानाच्या पाळीवर पुळ्या, आणि त्याच बाजूचं तोंड वाकडं होणं, डोळा पूर्ण न मिटणं, चक्कर, कमी ऐकू येणं, चव जाणं. याला रामसे हंट सिंड्रोम म्हणतात. लोक पॅरालिसिस समजतात किंवा वारं लागलं म्हणतात. इथे व्हायरसच्या गोळीबरोबर स्टिरॉइडही देतात आणि जेवढं लवकर तेवढं तोंड सरळ होण्याची शक्यता जास्त. पण तोंड वाकडं झालं आणि पुळ्या दिसत नाहीत, हात-पायही लुळा वाटतोय, बोलणं अडखळतंय, तर पॅरालिसिसच समजून थेट हॉस्पिटल.

बाकी कधी पळायचं: पुळ्या मुख्य पट्टा सोडून अंगभर दिसायला लागल्या, ताप उतरत नाही, डोकं फार दुखून मान आखडली, माणूस भ्रमल्यासारखं बोलतोय, हात किंवा पाय उचलत नाही, कंबरेखाली नागीण आहे आणि लघवी अडकलीये. अशा वेळी अ‍ॅडमिट करून शिरेतून औषध द्यावं लागतं. केमो चालू असलेल्या, किडनी बदललेल्या माणसाला तर थोडीशी झाली तरी त्यांच्या मूळ डॉक्टरांना लगेच कळवा. आणि कपाळ-डोळ्याची नागीण होऊन गेल्यावर पुढचे काही महिने पॅरालिसिसचा धोका थोडा वाढलेला असतो, तेव्हा बीपीची गोळी चुकवू नका.

पायरी ४: व्हायरसची गोळी, वेळेवर आणि पूर्ण

तीन औषधं वापरतात, यातलं कुठलं तरी एक असतं. असायक्लोविर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस. व्हॅलासायक्लोविर १ ग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. फॅमसायक्लोविर ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. असायक्लोविर स्वस्त पडतं पण पाच वेळा घेणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, एखादी तरी गोळी राहतेच, त्यामुळे परवडत असेल तर तीन वेळावालं द्याल का असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. पाच वेळाचं असेल तर सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० असे अलार्म लावा. आम्ही आईसाठी कागदावर ३५ चौकोन आखले होते, सात दिवसांचे, गोळी घेतली की ती फुली मारायची.

किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो. हे सांगायला लोक विसरतात, आणि शुगर-बीपीवाल्या वयस्कर माणसाची किडनी थोडी कमी चालत असेल हे घरच्यांना माहीतही नसतं. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट असेल तर बरोबर न्या, नसेल तर करून घेऊ का विचारा. पाणी भरपूर प्यायला द्या (हार्ट किंवा किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच). गोळी चालू असताना म्हातारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं वागायला लागलं तर डॉक्टरांना फोन करा, डोस जास्त होत असू शकतो.

दोन दिवसांत पुळ्या जात नाहीत म्हणून गोळी बंद करू नका. ती व्हायरसची वाढ थांबवते, झालेला दाह उतरायला वेळ लागतो. आणि असायक्लोविरची ट्यूब आणून नुसती वरून लावली तर नागिणीत उपयोग होत नाही, व्हायरस नसेत आहे, कातडीवर मलम लावून तिथे पोचत नाही. केमिस्ट ट्यूब देतो, लोक आठवडाभर लावत बसतात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

स्टिरॉइडबद्दल. काही डॉक्टर थोडे दिवस देतात, सुरुवातीचं दुखणं त्यानं जरा कमी होऊ शकतं, पण नंतर राहणारी आग त्यानं टळत नाही, आणि शुगरवाल्यांची शुगर चढते. व्हायरसच्या गोळीशिवाय नुसतं स्टिरॉइड कधीच नाही.

पायरी ५: फोडांचं काय करायचं

कमीत कमी. साध्या पाण्यानं, सौम्य साबणानं धुवा, मऊ कापडानं टिपून घ्या, पुसू नका. आंघोळ बंद करायचं काही कारण नाही, देवीच्या काळातली ती सवय अजून चालत आलीये. थंड पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं १५-२० मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा, त्यानं आईला सगळ्यात बरं वाटायचं. कॅलामाइन चालतं. फोड फोडू नका. फुटलेले असतील तर न चिकटणारी जाळी ठेवून सैल पट्टी. अंगात सैल सुती, आणि पांघरायला जुन्या साडीचं मऊ धडपं, नवीन कोऱ्या कापडाची कड फार टोचते.

गेरू, पाला, चुना, शाई, राख यातलं काही नाही. मी कुणाच्या श्रद्धेवर बोलत नाही, काकूंनी मायेनंच सांगितलं होतं आणि त्या रोज येऊन बसायच्या. पण लेपानं फोड पिकतात, आणि लाली झाकली गेल्यामुळे डॉक्टरांनाही नीट दिसत नाही, आईचा लेप धुऊन काढताना ती रडली होती. लेपानं किंवा मंत्रानं नागीण उतरली असं लोक शपथेवर सांगतात ते खोटं बोलत नसतात, नागीण दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांची आपोआपच सुकते. प्रश्न पुळ्या सुकण्याचा नाहीच, तोपर्यंत नसेचं किती नुकसान झालं याचा आहे. कुणाला मंत्र घालूनच घ्यायचा असेल तर घाला, पण गोळी घेऊन मग. फुंकर चालेल, लेप नको.

पू, वास, लाली पट्ट्याच्या बाहेर पसरणं, नव्यानं ताप, हे दिसलं तर जंतू शिरलेत, पुन्हा दाखवा. पथ्य काही नाही. वांगं, डाळ, मीठ सोडायला लावतात, त्यानं फक्त अशक्तपणा येतो. शुगरवाल्यांचं नेहमीचं पथ्य तेवढं.

घरातल्यांना लागते का? नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण फोडातल्या पाण्याचा संपर्क आला तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही त्याला कांजिण्या होऊ शकतात. त्यामुळे सगळ्या खपल्या धरेपर्यंत जागा झाकून ठेवायची, टॉवेल वेगळा, आणि तान्हं बाळ, कांजिण्या न झालेली गरोदर बाई आणि केमो चालू असलेलं माणूस यांना लांब ठेवायचं. बाकी ताट-वाटी वेगळी करून माणसाला कोपऱ्यात बसवायची गरज नाही.

पायरी ६: पहिल्या आठवड्यापासून दुखण्यावर औषध मागा

सहन करा, होईल कमी, असं म्हणू नका. रात्रीची झोप गेली की सगळंच बिघडतं. पॅरासिटामॉलनं सुरुवात करतात, वयस्करांना दिवसभरात ३ ग्रॅमच्या वर नको, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं ते धरून मोजा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर मनानं घेऊ नका, किडनीवर ताण येतो आणि व्हायरसची गोळी पण किडनीतूनच बाहेर जाते. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर ट्रॅमाडॉल किंवा नसेच्या दुखण्याच्या गोळ्या लवकरच चालू करतात. दुखण्याला ० ते १० पैकी रोज आकडा द्यायला सांगा आणि तो लिहून ठेवा, डॉक्टरांना "खूप दुखतंय" पेक्षा "रात्री ८, दुपारी ५" हे जास्त कळतं.

पायरी ७: पुळ्या गेल्या, आग राहिली

इथे मी जास्त लिहिणार आहे कारण या वळणावर पेशंट एकटा पडतो. कातडी स्वच्छ दिसते, थोडेसे डाग, आणि माणूस म्हणतो आग होतेय. घरचे म्हणतात आता तर काहीच नाहीये. आमच्याकडे एका पाहुण्यांनी तिच्यासमोरच म्हटलं की मनाचे खेळ आहेत. ते मनाचे खेळ नव्हते. नस सुजून, जखमी होऊन चुकीचे सिग्नल पाठवत राहते, हलका स्पर्शसुद्धा मेंदूला आगीसारखा पोचतो. तीन महिन्यांच्या वर दुखणं राहिलं तर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नागीण झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला किंवा त्याहून थोड्या जास्त जणांना हे होतं, वय जितकं जास्त तितकी शक्यता जास्त, आणि सुरुवातीला दुखणं फार असेल, पुळ्या फार असतील तरीही.

साध्या पेनकिलरचा इथे फारसा उपयोग नाही. तीन प्रकारचं औषध वापरतात.

एक, गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन. मूळच्या फिटच्या गोळ्या, पण नस शांत करतात. रात्री लहान डोसनं सुरू करून हळूहळू वाढवतात. पहिले काही दिवस गुंगी, चक्कर, पाय सुजणं होऊ शकतं, म्हणून रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत हवं, लाईट चालू हवा. नागिणीपेक्षा पडून खुबा मोडणं महागात पडेल. किडनीप्रमाणे डोस इथेही बदलतो. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही, उतरवत आणायची.

दोन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, रात्री अगदी कमी डोस, १० मिलिग्रॅमपासून. चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे गेलात की तो म्हणेल ही डिप्रेशनची गोळी आहे, आणि पेशंट घाबरून घेणारच नाही. आईनं पहिला आठवडा ती पदराखाली लपवून फेकून दिली होती. तिला आधीच सांगायला हवं होतं की हीच गोळी कमी डोसमध्ये नसेच्या दुखण्यावर चालते. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. काचबिंदू, प्रोस्टेट, हार्टच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. या दोन्ही प्रकारच्या गोळ्यांना गुण यायला आठवडे लागतात, चार दिवसांत काही नाही म्हणून डॉक्टर बदलत फिरू नका.

तीन, वरून लावायचं. लिडोकेनची ५ टक्केवाली पट्टी, १२ तास लावायची, १२ तास काढून ठेवायची, फक्त जखम पूर्ण भरलेल्या कातडीवर. आईला दिवसा कपडे घालता यायला लागले ते या पट्टीमुळे. दुसरं कॅप्सायसिनचं क्रीम, म्हणजे मिरचीतला तिखटपणाच, नसेची टोकं थकवून बधिर करतो. पहिले काही दिवस उलट जास्त आग होते. लावल्यावर हात साबणानं धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत. आणि घरची मिरची वाटून लावायचा विचारही नको, मला एकीनं खरंच विचारलं होतं.

एवढं करून रात्र रात्र जागरण होत असेल तर पेन क्लिनिकला जा, मोठ्या हॉस्पिटलमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टरांचा हा वेगळा विभाग असतो, तिथे नसेजवळ इंजेक्शन देऊन ब्लॉक करतात. सगळ्यांना लागू पडतो असं नाही, पण चार महिने कुणी त्याचं नावच काढलं नाही याचं मला वाईट वाटतं.

औषधाशिवाय जे उपयोगी पडलं ते असं: अंगाला घट्ट बसणारं मऊ बनियन, विचित्र वाटेल पण सैल कपडा हलत राहतो आणि पुन्हा पुन्हा घासतो, घट्ट बसलेला हलत नाही. (फोड ओले असताना सैल, नंतर घट्ट.) पंख्याचा वारा थेट नको. दुपारी माणसांत बसणं, कारण एकटं पडलं की सगळं लक्ष त्या पट्ट्यावरच. आणि जेवण तुटलं, बोलणं तुटलं, "यापेक्षा मेले तर बरं" असं तोंडी यायला लागलं तर ते नुसतं बोलणं समजू नका, डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा, त्यावर उपचार आहे.

आईचा आकडा ८ वरून ३ वर यायला सहा महिने लागले, ० व्हायला अकरा.

लसीचं

भारतात २०२३ पासून शिंग्रिक्स नावाची लस मिळते, यात जिवंत व्हायरस नाही. ५० च्या पुढच्या सगळ्यांसाठी, आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर १८ च्या पुढेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. दंडात दोन इंजेक्शनं, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. मोठ्या ट्रायलमध्ये ५० च्या पुढच्यांत ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांत ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. सरकारी लसीकरणात नाही, खाजगीत एका डोसला हजारांत पैसे जातात, सगळ्यांना जमणार नाही हे खरं, पण आईच्या अकरा महिन्यांच्या गोळ्या, पट्ट्या आणि पुण्याच्या फेऱ्या यांचा हिशोब माझ्याकडे आहे आणि तो यापेक्षा जास्त भरतो. ही लस झालेल्या नागिणीवर किंवा राहिलेल्या आगीवर औषध नाही, पुढची टाळण्यासाठी आहे. एकदा झाली म्हणजे पुन्हा होत नाही असंही नाही, म्हणून होऊन गेलेल्यांनीही घ्यायची, पुळ्या पूर्ण बऱ्या झाल्यावर, कधी ते डॉक्टर सांगतील.

दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण, थंडी, अंगदुखी येते. आईला पहिल्या डोसनंतर रात्री ताप आला तेव्हा ती घाबरून कूस उघडी करून मला दाखवत होती, पुन्हा आली का बघ म्हणून. मी टॉर्च लावून पूर्ण पट्टा बघितला, काही नव्हतं. अडीच महिन्यांनी दुसरा डोस तिनं स्वतः आठवण करून घेतला, कालनिर्णयवर तारखेला गोल केलेला होता.